गर्जे सिस्टरचा हातगुण

टाकळवाडीत जाऊन भीमाबाई गर्जे कुठे राहतात असं विचारलं, तर निम्मं गाव डोकं खाजवील. रेशनकार्डावर, पेन्शनच्या कागदावर आणि मतदार यादीत ते नाव आहे, एवढंच. गावाच्या तोंडी ती गर्जे सिस्टर. चौतीस वर्षं तिने गावच्या उपकेंद्रात नोकरी केली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी तिच्या दारावरून जाताना लहान पोरं अजून आईचा पदर धरतात. त्यातल्या कित्येकांना तिने कधी टोचलेलंसुद्धा नाही. आईबापांना टोचलेलं असतं, आणि धाक तेवढा पुढच्या पिढीला पोचलेला असतो.

ती मूळची इकडची नव्हे. पाथर्डीकडची. आईबाप दर साल दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला निघायचे ते उन्हाळ्यात परतायचे. भीमा आजीपाशी राहून शिकली, दहावी झाली, नर्सिंगचा कोर्स केला, आणि आईने ज्या राहुरीच्या मुलखात ऊस तोडला तिथेच पांढरी साडी नेसून नोकरीला आली. याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो रास्तच होता. नवरा लवकर गेला. एकुलत्या आरतीला तिने उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत वाढवलं, शिकवलं, आणि संगमनेरला चांगल्या घरी दिलं.

गावात तिचं नाव झालं ते सुईमुळे. इंजेक्शन कधी दिलं आणि सुई कधी काढली हे कळायचंच नाही. लोक म्हणायचे, "शिस्टरच्या हाताला गुण हाय." तेच औषध राहुरीच्या दवाखान्यात टोचलं तर ताप तीन दिवस हटत नाही, आणि सिस्टरने टोचलं तर गडी संध्याकाळी भाकरी मागतो, असा सगळ्यांचा अनुभव. अनुभव म्हणजे काय, एकाने सांगितला आणि दहा जणांना आला.

सुरुवातीला सिस्टर हसायची. "अरे बाबांनो, गुन औषधाचा असतो. मी फक्त टोचती," असं म्हणायची. पण चौतीस वर्षं गाव एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल, तर तोही माणूसच आहे, कधीतरी फांदीवर बूड टेकतोच. पुढेपुढे सिस्टरने हे सांगायचं सोडून दिलं. कुणी हातगुण म्हटलं की नुसतं गालात हसायची.

निवृत्तीनंतर मात्र हे सगळं ओसरलं. उपकेंद्रात नवी सिस्टर आली. लोकांकडे मोटारसायकली झाल्या, जो तो उठला की राहुरीला नाहीतर थेट नगरला. सिस्टरच्या दारात औषधाची बाटली घेऊन येणारं माणूस महिना-महिना दिसेना. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून ती ओट्यावर बसायची आणि अकरा वाजता कंटाळून आत जायची. राहिली होती ती एकटी बनुबाई.

बनुबाई मळ्यात राहणारी, पन्नाशी ओलांडलेली. तिला तिशीपासून दमा. साधासुधा नव्हे. थंडीच्या दिवसांत ती धान्याच्या पोत्याला टेकून बसल्याबसल्या झोपायची, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. गोळ्या खाऊन खाऊन तोंड सुजलं, हाडं ठिसूळ झाली, दम मात्र गेला नाही. कितीदा तरी तिचा मुलगा ज्ञानेश्वर धावत सिस्टरकडे आला होता. शेवटी सिस्टरनेच कंबर कसली आणि तिला नगरला, सावेडीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. हे श्रेय तिचं, ते कुणी काढून घेऊ नये.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, फुंकायला लावलं आणि म्हणाले, "हा दमा वेगळ्या जातीचा आहे. यावर आता नवं इंजेक्शन निघालंय. दर चार आठवड्यांनी एक. पंप चालूच ठेवायचा, पण गोळ्या हळूहळू सुटतील." इंजेक्शन महाग होतं, पण एका ट्रस्टच्या योजनेत बनुबाईचं नाव बसलं. पहिले दोन डोस दवाखान्यात घ्यायचे आणि पुढचे घरी, असं ठरलं.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी तिथली नर्स स्नेहल एक पेन घेऊन आली. जाड मार्कर असतो ना, तसं दिसणारं. सुई आतच असते, वरून दिसतही नाही. हे पेन शिकवण्यापुरतं होतं, रिकामं. स्नेहल म्हणाली, "मावशी, हे तुम्ही स्वतःच घ्यायचं. मांडीला नाहीतर पोटाला टेकवायचं आणि दाबायचं. एकदा टक् वाजतं तेव्हा औषध सुरू होतं. दुसऱ्यांदा टक् वाजलं की पाच मोजायचं आणि उचलायचं. बघा, करून बघा."

बनुबाईने हात मागे घेतला. "म्या? माझ्या हातानं? न्हाई बाई, मला न्हाई जमायचं. माझी शिस्टर हाय."

आणि तिने सिस्टरकडे पाहिलं. कसं पाहिलं, ते सिस्टर कधी विसरेल असं मला वाटत नाही. देवळात उभं राहिलेलं माणूस बघतं तसं पाहिलं.

"जमतं हो मावशी," स्नेहल म्हणाली. "सत्तर वर्षांच्या आजी घेतात आमच्याकडच्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"असू द्या," सिस्टर म्हणाली. "मी हाय ना."

"पण तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी कुठं जाती?"

तिने ते रिकामं पेन बनुबाईच्या पुढ्यातून उचललं आणि टेबलावर परत ठेवलं. बाहेर तीस पेशंट ताटकळत होते. स्नेहलने खांदे उडवले आणि पुढच्या नावाला हाक मारली.

पुढची दोन वर्षं बनुबाईच्या आयुष्यातली सोन्याची. गोळ्या सुटल्या. तोंडाची सूज उतरली तशी ती अगदी वेगळीच दिसायला लागली. भाचीने तर तिला ओळखलंच नाही. ती आडवी होऊन झोपायला लागली. दोन म्हशींच्या चार म्हशी झाल्या आणि दुधाची किटली घेऊन ती रोज सकाळी स्वतः डेअरीवर जायला लागली. वाटेत कुणी विचारलं, की सांगायची, "शिस्टरच्या हाताचा गुन." औषधाचं नाव तिला दोन वर्षांत एकदाही नीट सांगता आलं नाही.

आणि सिस्टरला मिळाला चौथा सोमवार. त्या दिवशी ती लवकर उठायची. ठेवणीतली पांढरी साडी नेसायची, जुनी बॅग खांद्याला लावायची. त्या बॅगेत आता कापसाशिवाय काही नसे, पण बॅग हवी. मळ्यात पोचली की बनुबाई फ्रीजमधून पेन काढून, अर्धा तास बाहेर ठेवून, वाट बघत बसलेली असायची. सिस्टर दंडाला पेन लावायची, बनुबाई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायची.

"झालं?"

"कवाच."

"कळलंसुदिक न्हाई!"

आता खरं सांगायचं तर त्या पेनात हातगुणाला जागाच नव्हती. सुई किती आत जायची, औषध किती वेगाने सुटायचं, ते सगळं स्प्रिंग ठरवायची. दंडाऐवजी मांडीला टेकवलं असतं तर बनुबाईने स्वतः घेतलं काय नि सिस्टरने दिलं काय, तसूभर फरक नव्हता. सिस्टरला हे पुरतं ठाऊक होतं. नर्स होती ती, अडाणी नव्हती. पण येताना बांधावरून चालत ती गुणगुणायची, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

एकदा, दुसऱ्या वर्षी, बनुबाईने विषय काढला होता. "शिस्टर, एकदा मला दावा तरी कसं दाबत्यात ते. अडीनडीला बरं."

"का गं? मी मेले का?"

सिस्टर हसत म्हणाली होती, पण बनुबाईने जीभ चावली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "काय बोलून गेले म्या मेली!" तो विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या फेब्रुवारीत आरती बाळंत झाली. मुलगा झाला. सिस्टर आठ दिवसांसाठी म्हणून संगमनेरला गेली. बाळाला कावीळ निघाली, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, आरतीलाही ताप. आठाचे पंधरा दिवस झाले. मधे चौथा सोमवार आला.

बनुबाईने सकाळीच फोन लावला. "शिस्टर, आज सोमवार हाय."

"ठाव हाय गं. चार दिसांनी येतीच बघ. चार दिवसांनी काय हुत न्हाई."

आणि खरंच, चार दिवसांनी काही झालं नसतं. पण चार दिवसांनी बारसं ठरलं. मग ज्ञानेश्वरने फोन केला. म्हणाला, "सिस्टर, आईला उपकेंद्रात घेऊन जाऊ का? नव्या सिस्टर देतील म्हणत्यात."

इथे गाडी रुळावर आली असती. सिस्टरने नुसतं "जा" म्हणायचं होतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"तिचा हात लई जड हाय रे. बघ बाबा. मी तर येतीच हाय शुक्रवारी."

त्या बिचाऱ्या पोरीचा हात जड आहे की हलका, हे सिस्टरने कधी पाहिलं नव्हतं. आणि पेनाला हात जड काय नि हलका काय? पण ज्ञानेश्वरने हे आईला सांगितलं, आणि आईने ठरवलं की शिस्टर येईपर्यंत थांबायचं. सिस्टरला स्नेहलचाही फोन आला, बनुबाईची तारीख चुकली म्हणून विचारायला. "सिस्टर, मी व्हिडिओ कॉलवर दाखवते त्यांना, पाच मिनिटं लागतील." सिस्टर म्हणाली, "तुमी काळजी करू नका. मी बघते." संगमनेरहून राहुरी दोन-अडीच तासांची वाट. सकाळच्या एसटीने निघून, मळ्यात जाऊन, पेन देऊन ती दिवेलागणीला परत पोचली असती. पण बाळाला सोडून निघायचं म्हणजे जिवावर येत होतं. आणि याच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती तिने कबूल केली ती फार उशिरा. कुणीतरी आपली वाट बघत खोळंबलं आहे, हे तिला बरं वाटत होतं.

शुक्रवार गेला. दुसरा गेला. औषधाचा अंमल काही एका रात्रीत उतरत नाही, तो मुरत मुरत उतरतो. बनुबाईला खोकला लागला, ती पंप जास्त वेळा ओढायला लागली, आणि फोनवर म्हणायची, "बरी हाय म्या. तुमी या सावकाश."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, ती म्हशींसाठी कडबा कुट्टी करायला बसली. यंत्रातून भुसा उडाला. एरवी दोन वर्षं तिने हेच काम नाकाला पदर बांधून केलं होतं. त्या दिवशी तिला दम लागला तो थांबेचना. पंप चार वेळा, सहा वेळा ओढला. ज्ञानेश्वर कांदे काढत होता, तो पोचला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. राहुरीहून ॲम्ब्युलन्सने थेट नगरला नेली.

सिस्टर पोचली तेव्हा बनुबाई आयसीयूत होती. घशात नळी, शेजारी श्वासाचं यंत्र. काचेतून सिस्टरने पाहिलं आणि तिथल्या तिथे खाली बसली. असे पेशंट तिने आयुष्यात कमी पाहिले नव्हते.

ज्ञानेश्वर तिच्यासाठी वडापाव घेऊन आला. म्हणाला, "खा सिस्टर, लांबून आलाय." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने स्नेहल फाईल घेऊन आली. डॉक्टरांनी तिलाही बोलावून घेतलं होतं. "सिस्टर, शेवटचा डोस कधी झाला?"

"सात आठवडे झाले."

"पेन संपलं होतं का?"

"न्हाई. फ्रीजमधी हाय."

स्नेहलचं लिहिणं थांबलं. "फ्रीजमध्ये आहे? मग दिलं का नाही कुणी?"

"मी संगमनेरला हुते," सिस्टर म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं, की हे काही उत्तर नव्हे. स्नेहलने मान खाली घालून ते फाईलमध्ये लिहून घेतलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "एका डोसामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. भुसा होता, हवा बदलत होती. पण संरक्षण होतं ते कमी झालं, एवढं खरं." सिस्टरला या बोलण्याच्या आडोशाला बसता आलं असतं. दुसरं कुणी बसलंही असतं. पण चौतीस वर्षं तिने गावातल्या बायांना डोस चुकवल्याबद्दल फैलावर घेतलं होतं. पोराच्या ट्रिपल लशीचा डोस एक आठवडा उशिरा आणला म्हणून एका बाईला तिने भर बाजारात रडवलं होतं. तो आडोसा तिला पुरला नाही.

पाचव्या दिवशी नळी निघाली. बनुबाई वाचली. आवाज घोगरा झाला, चार पावलं टाकली की थांबायला लागली, पण वाचली. पंधरा दिवसांनी ती घरी आली तेव्हा गोठा झाडून स्वच्छ केलेला होता. डॉक्टरांनी भुशाजवळ फिरकायचं नाही म्हणून ताकीद दिली होती, आणि ज्ञानेश्वरने चारही म्हशी लोणीच्या बाजारात नेऊन विकल्या होत्या. त्याचंही चुकलं नाही. आयसीयूत बनुबाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. गोठ्याच्या दारात मात्र तिने खुंट्याला धरून टाहो फोडला. "माझी काळी गाभन हुती रे. मला इचारायचं तरी." सिस्टर तेव्हा मागे उभी होती. पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर तिला झाला नाही.

पुढचा डोस दवाखान्यात झाला. सिस्टर सोबत गेली नाही, काहीतरी कारण सांगून तिने टाळलं. गावात कुजबुज होतीच. हातगुणाचं नाव काढणारे आता म्हणत होते, वय झालं सिस्टरचं, हात उतरला. दोन्ही गोष्टी सारख्याच खोट्या. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तशी सिस्टर मग उपकेंद्रात गेली आणि नव्या सिस्टरला म्हणाली, "बनुबाईच्या सोमवारचं तुमी बघत जा." ती पोरगी म्हणाली, "अहो, त्यांना आता कुणी लागत नाही. त्या दवाखान्यातून शिकून आल्या."

सिस्टरला ते खरं वाटलं नाही. चौथ्या सोमवारी ती मळ्यात गेली. बॅग घेतली नाही, साडी घरचीच होती.

बनुबाई खाटेवर बसली होती. शेजारी पेन. सिस्टरला बघून तिला आनंद झाला, तो तिने लपवला नाही. "या या शिस्टर. बरं झालं आलात. बघा आता माझी गंमत."

तिने लुगडं गुडघ्यावर घेतलं. कापसाने मांडी पुसली. पेनाचं टोपण काढलं, टेकवलं, आणि दाबलं. टक् वाजलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही, डोळेही मिटले नाहीत. दुसऱ्यांदा टक् वाजल्यावर ओठ हलवत पाच मोजले आणि पेन उचललं. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. ज्या हातांनी तिने आयुष्यभर धारा काढल्या, ते हात तसूभर हलले नाहीत.

"लई ब्येस," सिस्टर म्हणाली.

बनुबाईने रिकामं पेन डब्यात टाकलं आणि ती सिस्टरकडे वळली. कपाळावर आठी पडली होती. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हे. तिला खरंच उमजत नव्हतं, म्हणून तिने विचारलं.

"शिस्टर, एवढं सोपं हुतं, तर तुमी मला आधीच का न्हाई शिकवलं?"

वाटेत सिस्टरने चार उत्तरं तयार केली होती. तुलाच नको होतं, तू घाबरायचीस, डॉक्टरांनी जोर दिला नाही, असली. त्यातलं एकही तिला पुढे करवेना. मग तिने खरं ते सांगून टाकलं.

"शिकवलं असतं, तर तू मला बोलावलं नसतंस गं. मला दुसरं कोन हुतं बोलवायला?"

दाराबाहेर चार रिकामे खुंटे दिसत होते, पण बनुबाईने तिकडे पाहिलं नाही.

"चहाला बोलावलं असतं की," ती म्हणाली.